उक्ती घेतलेली गाडी

१

सांगा बघू, सौद्याला बसलं की विश्वास कुणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर ठेवावा, की गप्प बसणाऱ्यावर?

मदनअण्णांना विचारलं असतंत, तर त्यांनी आधी चहा मागवला असता, बेदाण्याची मूठ तुमच्या पुढ्यात ठेवली असती आणि मग म्हणाले असते, "दोघांवर बी नको. त्यांच्या हातावर ठेवा."

सांगलीच्या पेठेत त्यांचं हळद-बेदाण्याचं दुकान. शाळा सातवीला सुटली. पुढचं सगळं शिक्षण मामांच्या टॉवेलाखाली झालं, आणि हे खरोखरच टॉवेलाखाली झालं. पूर्वी हळदीचा सौदा चारचौघांत तोंडानं होत नसे. बैलांच्या बाजारात अजूनही जुनी माणसं तशीच बसतात. दोघांचे हात एका टॉवेलाखाली जायचे. बाहेर तोंडं पाऊसपाण्याचं, पोराबाळांचं बोलायची, आणि आत बोटं भाव बोलायची. जितकी बोटं धरली तितकं मागणं. समोरच्यानं त्याहून कमी धरली, की घासाघीस सुरू. शेवटी हात दोनदा दाबला, की ठरलं. मग आभाळ कोसळलं तरी मागं फिरायचं नाही.

"मदन," मामा म्हणायचे, "तोंडाला खोट्याची सवय असती. बोटाला नसती. बोट धरलं की माणूस धरला."

मामांची दुसरी शिकवण उक्त्याची. उक्तं घ्यायचं म्हणजे मोजायचं नाही, तोलायचं नाही, उघडून बघायचं नाही. आहे तसं, आत असेल त्यासकट सगळं उचलायचं. छाती लागते त्याला. अण्णांनी एकदा मिरजेतलं बंद पडलेलं किराणा दुकान असंच उक्तं घेतलं, तर पोत्यांच्या थप्पीमागं मांजरी व्यालेली निघाली. जुना मालक मांजरी न्यायला आला. अण्णा म्हणाले, "उक्त्यात आलीय. आता ती आमची."

"म्हणजे तुमच्या हिशेबानं तिथलं उंदीर बी आपलंच," अण्णांच्या पत्नी गुणमालाकाकू म्हणाल्या होत्या. पण त्या मांजरीची पिढी न् पिढी त्यांनीच दूध घालून वाढवली. उक्त्यात आलेलं टाकायचं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं.

२

अण्णा तिशीच्या आत होते तेव्हा हळदीचे नमुने घेऊन एकदा पुण्याला गेले होते. रस्ता ओलांडताना एक बुटकी, लांबोळकी, दोन दारांची गाडी त्यांच्या पायाजवळून गेली. आवाज असा, की पोटात हळदीचं पोतं पडावं. त्या दिवसापासून ती गाडी त्यांच्या डोक्यात पार्क झालेली.

इतक्या वर्षांनी मुलगा आर्जवनं फोनवर एक जाहिरात दाखवली. तीच गाडी. जपानी बनावटीची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे. पण होती ती थेट राजस्थानात.

"सून भरल्या दिवसांची, आणि तुमी मोटार आणायला निघालाय?" गुणमालाकाकूंनी कमरेला पदर खोचला.

"डॉक्टरनं दिलेली तारीख लांब हाय गं. गेलो आणि आलो."

"आणि माणसं किती बसतात हिच्यात?"

"दोन."

"दोन! बाळाला कुठं बसवणार मग? टपावर?"

सगळे हसले. श्रद्धाही हसली, पोटावर हात ठेवून. आधी दोनदा तिचे दिवस वाया गेले होते. तेव्हापासून घरात कुणी मोठ्यानं हसलं, की ती हात पोटावर ठेवायची, जणू आतल्याला दचकायला होईल. या खेपेला सगळं सुरळीत चाललं होतं. बाळ पाय मारायचं. "अण्णा, गाडी चालवायला आत्तापासून शिकतंय," असं तीच म्हणायची.

निघताना अण्णांनी देवापुढं हात जोडले आणि मनात एकच मागणं मागितलं. ते गाडीचं नव्हतं.

३

जयपूरच्या पुढं, वाळूच्या रंगाचं एक गाव. तिथले सेठजी खड्यांचे व्यापारी, ऐंशीच्या घरातले. त्यांच्याकडंही खड्यांचा भाव कापडाखालीच ठरतो हे कळलं, तेव्हा अण्णांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

गाडी कुणाची म्हणून विचारलं, तर "घर की" एवढंच उत्तर. घरात माणसं होती, पण ओसरीवर कुणी येत नव्हतं. आतल्या दाराच्या फटीतून बांगड्यांचा आवाज यायचा आणि थांबायचा. गाडी गोठ्यासारख्या एका छपरात उभी होती. अण्णांनी इंजिन ऐकलं, खालून वाकून बघितलं, डिकीत डोकावून पाहिलं. पाने-पक्कड, जादा चाक, एक जुनी छत्री. गिअरच्या दांड्याची मूठ तेवढी तडकलेली.

सेठजींनी अंगावरची शाल काढून दोघांच्या हातांवर टाकली. बोटं बोलू लागली. म्हातारा फार ओढून धरत नव्हता. अण्णांनी उतरवलं की उतरत होता, एवढा, की अण्णांनाच चुकल्यासारखं वाटलं. विकणाऱ्याला इतकी घाई बरी नव्हे, असं मामा सांगायचे. पण जिभेवर गूळ ठेवल्यावर मामा कुणाला आठवतात?

भाव ठरल्यावर म्हातारा तोंडानं म्हणाला, "अंदर जो है, सब साथ?"

"सब साथ. हमारे में उसको उक्ता बोलते हैं." छत्रीसुद्धा फुकट मिळतेय, असं अण्णांच्या मनात आलं.

"मुँह से नहीं, सेठ. हाथ से बोलिए."

अण्णांनी शालीखाली हात दोनदा दाबला. समोरूनही दोनदा दाबला गेला. कोरडी, थंड, सावकाश पकड. म्हाताऱ्यानं समाधानानं डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

अण्णांचा हात अजून शालीखालीच होता. आणि त्यावरची पकड सुटली नव्हती.

मग सुटली.

टोपी काढल्यावरही डोक्यावर टोपी असल्यासारखं वाटतं की नाही? तसंच हे, अण्णांनी स्वतःला समजावलं. दोन दिवसांचा प्रवास, हाताला बधिरपणा येतोच.

गाडी ट्रकवर चढवून ते निघाले, तेव्हा आरशात मागचं घर दिसत होतं. आतल्या बायका पहिल्यांदाच बाहेर आल्या होत्या. बादल्या भरभरून त्या उंबरा धुत होत्या, ओसरी धुत होत्या, गाडी उभी होती ती जागाही धुत होत्या. आपल्याकडं घरातनं काय गेल्यावर घर धुतात, ते सांगायला नको. अण्णा म्हणाले, इकडं धूळ फार.

४

ट्रक चालवायला लालासाहेब. रहिमतपूरचा गडी, फौजेत ट्रकवर नोकरी करून आलेला. आता शिरवळच्या एका मालकाकडं मोटारी वाहून न्यायचं काम करायचा. बोलायला लागला की घाट संपायचा.

"अण्णा, आमच्या फौजेत एक साहेब व्हता. रणगाडा चालवायचा आन् हौसंनं असल्या गाड्या घ्यायचा. बायकोनं सोडला त्याला."

"आमची न्हाई सोडणार. दूध मांजराला घालील, मला न्हाई घालणार, एवढंच."

पहिल्या मुक्कामाच्या सकाळी लालासाहेब गाडीचे पट्टे आवळायला वर चढला आणि म्हणाला, "आवं, डाव्या अंगाला पट्टा ढिला पडतोय. गाडी डावीकडं बसलीया."

अण्णांनी खालून बघितलं. पोतं नुसतं डोळ्यानं तोलणारा माणूस. वजनात त्यांची नजर फसत नाही. गाडी डावीकडं झुकली होती. चालकाची जागा उजवीकडं. तिथं काही नाही. डावीकडच्या पारड्यात मात्र कुणीतरी माप टाकल्यासारखं. एका माणसाचं माप. फार जड नाही.

"स्प्रिंगा गेल्या असतील," अण्णा म्हणाले.

"सेठजीच्या घरी तर सरळ उभी हुती की."

"तिथली जमीन चढउताराची असंल."

लालासाहेबानं पट्टा आवळला. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा ढिला. लालासाहेबानं तो गाडीकडं न बघता पुन्हा आवळला. त्या दिवसापासून जेवायला थांबले की ट्रक तो असा लावायचा, की खाली बसल्यावर त्याची स्वतःची पाठ गाडीकडं येईल.

५

शिरवळला पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. चहाचा पहिला घोट घेतला आणि आर्जवचा फोन आला.

"अण्णा, श्रद्धाचं बाळ सकाळपासून हललं न्हाई. दवाखान्यात आलोय. ठोके लागत न्हाईत म्हणतायत. मोठ्या मशिनवर बघणार आहेत."

"तिला काय सांगितलंय?"

"काय बी न्हाई. आई तिच्याजवळ बसलीय. तुमी या."

ट्रक घाटात मुंगीसारखा चढणार. भाड्याची गाडी बघायची तर ती येईपर्यंत जीव जाणार. आणि वर पट्ट्यांनी बांधलेली गाडी तर नुसती पळायचीच वाट बघत होती.

"उतरव," अण्णा म्हणाले.

लालासाहेबानं पट्टे सोडले, गाडी खाली घेतली. चावी त्यानं हातातच धरून ठेवली. "अण्णा, एकटं जाऊ नगा. म्या येतो संगं. ट्रक हितं लावतो."

"जागा हायेत रं दोन, पण तुला तेवढ्यासाठी ट्रक कशाला सोडायला लावू? मागनं ये. माझी पिशवी तेवढी आण."

लालासाहेबानं डाव्या बाजूच्या सीटकडं बघितलं. गादी मधोमध दबलेली होती. जुनी गादी दबतेच.

"व्हय," तो हळूच म्हणाला. "दोनच हायेत."

गिअरची तडकलेली मूठ तळहाताला बोचत होती. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मुठीवर टाकला आणि त्याखाली हात घालून गिअर टाकला. आयुष्यभराची सवय. विचार करावा लागला नाही.

खंबाटकीचा घाट लागला. वळणामागून वळण, दर वळणाला गिअर. अण्णांचं अर्धं मन सांगलीत, अर्धं पुढच्या ट्रकच्या पाटीवर. एका वळणावर गिअर खाली घेतला, हात मुठीवर तसाच राहिला, आणि टॉवेलाखाली त्यांच्या बोटांवर बोटं आली.

पाच.

ओढून नाही, झटका देऊन नाही. शिस्तीत. एकेक बोट मोजून, पाचही बोटांना धरून थांबली. व्यापारी माणूस थांबतो तशी.

अण्णांनी हात उपसला. गाडीनं आचका दिला, मागच्या मोटारीनं हॉर्नचा ठणाणा केला. त्यांनी टॉवेल उचलून बघितलं. मूठ. तडा. त्यांच्याच घामाचा ओलावा.

मुंग्या आल्या, ते मोठ्यानं म्हणाले. गाडीत आवाज परका वाटला. उपाशी पोट, झोप नाही, डोक्याला घोर. हाताला मुंग्या येणारच. टॉवेल त्यांनी पुन्हा टाकला, कारण मूठ बोचत होती. दुसरं कारण नव्हतं.

डावीकडं मात्र त्यांनी बघितलं नाही.

६

घाट उतरल्यावर रस्ता मोकळा होता. अण्णांनी गाडी वरच्या गिअरमध्ये घातली ती घातलीच. हात स्टिअरिंगवर, दोन्ही. सातारा मागं पडलं. गिअरला हात लावायची वेळच येऊ नये, अशा बेतानं ते चालवत होते. असा बेत आपण का करतोय, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

गाडीत एक वास होता. नवा नव्हता, आत्ता कळला एवढंच. बंद पेटीतल्या लोकरीचा.

कराड जवळ आलं तसं आभाळ काळवंडलं. उसाची तोड चालू होती. दोन्ही अंगांना पाचट पेटवलेलं. धूर रस्त्यावर उतरला होता आणि जळक्या पाचटाच्या काळ्या काड्या काचेवर येऊन बसत होत्या. वायपर लावला तर काच सारवल्यासारखी झाली. मलकापूरच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली. ट्रॉलीमागं ट्रॉली, वर लोंबणारे उसाच्या शेंड्यांचे वाढे. गाड्या गोगलगाईसारख्या सरकू लागल्या.

इंजिन आचके देऊ लागलं. गिअर बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

त्यांनी हात टॉवेलाखाली घातला.

चार.

या वेळी अण्णांनी हात ओढला नाही. ओढवला नाही असं म्हणा. पुढं ट्रॉली, मागं ट्रक, दोन्हीकडं धूर. पकड कोरडी, थंड. बाहेर उन्हाला रंग उरला नव्हता. बोटं सैल झाली आणि पुन्हा धरली.

तीन.

उतरतोय, अण्णांच्या डोक्यातला व्यापारी म्हणाला. मामा सांगायचे, समोरचा आपणहून उतरायला लागला की समजावं, त्याला घर गाठायचंय.

फोन वाजला. डाव्या बाजूला न बघता त्यांनी उजव्या हातानं तो कानाला लावला.

"अण्णा," आर्जवचा आवाज फुटला होता. "मोठ्या मशिनवर बी काय न्हाई. डॉक्टर म्हणाले, मन घट्ट करा. श्रद्धाला अजून..." पुढचं ऐकू आलं नाही. मागं गुणमालाकाकूंचा आवाज होता, णमोकार मंत्र म्हणणारा.

फोन मांडीवर पडला. टॉवेलाखालचा हात वाट बघत होता.

आता माणसाच्या सवयीचं काय सांगावं? मदनअण्णांच्या हाताला आयुष्यात कुणी भाव सांगितला आणि त्यांनी उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. कशाचे पाच, कशाचे तीन, हे त्यांनी विचारलं नाही. मनात एकच होतं, देवापुढं मागितलेलं. ते धुराकडं बघत राहिले आणि त्यांच्या बोटांनी त्यांना न विचारता समोरचं एकच बोट धरलं.

एक.

बराच वेळ काही झालं नाही. पुढची ट्रॉली हलली. उसाचं एक कांडं घसरून रस्त्यावर पडलं.

मग हात दाबला गेला. एकदा. थांबून, आणखी एकदा.

आणि अण्णांनीही दाबला. दोनदा. समोरच्यानं ठरवलं की आपणही ठरवायचं असतं.

पकड सुटली. मांडीवरचा फोन पुन्हा वाजू लागला.

"अण्णा! सापडले! ठोके सापडले! ऑपरेशनला घेतायत, वेळ नको म्हणाले. डॉक्टर म्हणतायत, असं बघितलंच न्हाई कधी. तुमी ऐकताय न्हवं? अण्णा?"

अण्णा ऐकत होते. पण त्यांना नीट आनंद होईना. सौदा ठरल्यावर माल बघायचा राहिलाय असं लक्षात आलं की जसं वाटतं, तसंच त्यांना वाटत होतं.

७

कृष्णेचा पूल ओलांडून ते दवाखान्यात पोचले, तोवर बाळ झालं होतं. मुलगी. रडली नाही, पण श्वास नीट होता. आर्जव लहान पोरासारखा त्यांच्या गळ्यात पडला. गाडीतनं उतरताना टॉवेल सवयीनं खांद्यावर आला होता. आर्जवचे डोळे त्यातच पुसले गेले.

नर्स दारातून डोकावली. "बाळाला गुंडाळायला मऊ कापड द्या. हे नवं दुपटं खरखरीत आहे."

"नवं नसतंच घालायचं पहिलं," गुणमालाकाकू उठल्या. "पहिलं कापड मोठ्या माणसाच्या अंगावरचं, वापरून मऊ झालेलं." आणि त्यांनी अण्णांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला.

"तो नको," अण्णा म्हणाले.

"का? निघतानाच तर धुऊन दिलाय."

"धूर लागलाय त्याला. वाटेत पाचट..."

काकूंनी टॉवेल नाकाला लावला. "कशाचा धूर? कपाटातल्या लोकरीसारखा वास येतोय." टॉवेल नर्सच्या हातात गेला आणि दार मिटलं.

काय म्हणून अडवायचं होतं? तुम्ही असता तर काय सांगितलं असतंत?

८

"दिवस मावळायच्या आत दोन घास खाऊन घ्या," काकूंनी डबा पुढं केला. त्यांच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आनंद असो, दुःख असो, हा नेम चुकत नाही. हात धुवायचं निमित्त करून ते खाली आले.

फाटकापाशी लालासाहेब उभा होता. त्यांची पिशवी आणली होती.

"पेढं कुठं हायेत, आजोबा? आर्जवनं फोनवर सांगितलं मला. लय झ्याक झालं बघा." तो अण्णांच्या मागं बघत होता. "आवं... गाडीचं काम केलंसा व्हय वाटंत?"

"कसलं काम?"

"सरळ हाय की आता."

अण्णा वळले. मावळत्या उजेडात हिरवी गाडी भिंतीकडेला उभी होती. तराजू रिकामा झाल्यावर काटा जसा मधोमध येतो, तशी सरळ. डाव्या सीटची गादी फुगून वर आली होती. डावीकडचं दार पुरतं लागलेलं नव्हतं. बोटभर उघडं होतं.

ते दार अण्णांनी दिवसभरात उघडलं नव्हतं.

"थंडीनं स्प्रिंगा..." अण्णांनी सुरुवात केली.

"व्हय," लालासाहेब म्हणाला. "तसंच असंल." पिशवी त्यानं जमिनीवर ठेवली, हातात दिली नाही. पाया पडायला वाकला तेव्हाही अण्णांच्या हाताला हात लागू दिला नाही.

९

वर गेले तेव्हा श्रद्धा शुद्धीवर आली होती. बाळ तिच्या शेजारी, टॉवेलात गुंडाळलेलं, चेहरा तेवढा उघडा. डोळे मिटलेले. गोरी, शांत पोर. गुणमालाकाकू म्हणाल्या, "आजोबाला दाखवा की. नाक तुमच्यावर गेलंय."

अण्णा वाकले. टॉवेलाच्या कडेखालून त्यांनी बोट आत सारलं, इवल्या हाताला लावायला म्हणून.

आतून ते धरलं गेलं.

लेकरं बोट धरतातच. नुकतं जन्मलेलं पोर तळहाताला लागेल ते आवळतं, हे कुणीही सांगेल. अण्णांनी स्वतःला हेच सांगितलं, आणि ते खरंही आहे. पण तान्ह्या पोराची मूठ ओली असते, ऊबदार असते. ही कोरडी होती. तिनं बोट धरलं आणि शिस्तीत थांबली.

मग दाबलं. एकदा. थांबून, आणखी एकदा.

"ओळखलं बघा!" काकू हसल्या. "आजोबाचा लळा लागणार हिला."

काकू नर्सशी बोलायला बाहेर गेल्या. खोलीत दोघंच उरली. दोघं आणि ती. श्रद्धा छताकडं बघत म्हणाली, "अण्णा, एक विचारू? हसणार न्हाई न्हवं?"

"बोल बाळ."

"आधी ते पाय मारायचं. तुमाला सांगायची की मी. सकाळी थांबलं. मग दुपारी, त्यांनी मला आत न्यायच्या जरा आधी, परत हललं. पण पाय न्हाई मारला." तिनं चादरीवरून तळहात सावकाश सरकवला. "हात फिरवत होतं. अंधारात आपण खोली चाचपतो तसं. ती... तीच हाय न्हवं अण्णा?"

अण्णांचं बोट अजून टॉवेलाखाली होतं.

"तीच," ते म्हणाले. "दुसरी कोण असणार? दमलीयस तू. झोप."

हे त्यांनी तोंडानं सांगितलं. श्रद्धानं मान वळवून त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. सांगलीच्या पेठेतली सून ती. तिनं हाताकडं बघितलं. आणि तिला दिसलं, की सासरे हात काढून घ्यायला बघतायत आणि तो निघत नाही.

बारसं थाटात झालं. नाव प्रियदर्शनी ठेवलं. पोर गुणी आहे, रडत नाही, सगळ्यांच्या कडेवर जाते. श्रद्धाही तिला घेते, पाजते, अंघोळ घालते. पण थंडीतसुद्धा तिच्या अंगावर पांघरूण घालत नाही. काकू त्यावरून रागावतात. अण्णा रागावत नाहीत. अण्णांनी खांद्यावर टॉवेल घ्यायचं सोडलंय, आणि हिरवी गाडी छपरात उभी आहे, सरळ. गिऱ्हाइकं येतात. कुणी म्हणालं, "उक्तीच देऊन टाका, अण्णा," तर ते म्हणतात, "आता तिच्यात काय न्हाई." आणि श्रद्धा समोर असेल तर बोलणं तिथंच तोडतात.

उक्त्यात आलेलं टाकायचं नसतं. ते टाकणारही नाहीत. पण जी पाय मारायची, तिचं नाव त्या घरात कुणी घेतलं नाही, तिच्यासाठी कुणी रडलं नाही, कारण ती गेली असं कुणी मांडलंच नाही.

म्हणून जाता जाता एवढी एक विनंती ऐका. व्यापार करा, नफा करा, छाती असेल तर उक्तंही घ्या. पण घरचा हिशेब खरा ठेवा. आलं ते आलं म्हणून मांडा, गेलं ते गेलं म्हणून मांडा. गेलेल्याच्या नावावर आलेल्याला मांडू नका.